अमेरिकेचा इतिहास बघा, पण कापसावर डोळा ठेवून

पांढरकवड्यातल्या वाचकांना, विशेषतः रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर माहितीपट बघत बसणाऱ्या पोरापोरींना आणि त्यांच्या गुरुजी-बाईंना, एक विनंती आहे. अमेरिकेच्या इतिहासाचे माहितीपट जरूर बघा, पण ते परक्यांची गोष्ट म्हणून बघू नका.

सुरुवात केन बर्न्सच्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या ‘द सिव्हिल वॉर’पासून करा. 1990 मध्ये अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर त्याचे नऊ भाग दाखवले गेले. जुने फोटो, त्यांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा, सैनिकांची पत्रं. बघताना गळा दाटून येतो, आणि तिथंच सावध व्हायचं. मिसिसिपीचे कादंबरीकार शेल्बी फूट त्यात इतकं गोड बोलतात की दक्षिणेच्या सेनापतींवर आपला जीव जडतो. इतिहासकार बार्बरा फील्ड्स यांच्या वाट्याला त्यामानानं थोडाच वेळ आलाय, पण गुलामगिरीचा मुद्दा त्या सोडत नाहीत. त्या बोलू लागल्या की भाग पुढे सरकवू नका.

मग कॅमेरा जिथं पोचत नाही, तिथली गोष्ट आपण जोडायची. युद्धाआधी अमेरिकेत जवळपास 40 लाख माणसं गुलाम होती. त्यांच्या घामावर पिकलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्या चालवत होता. 1861 मध्ये युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना वऱ्हाड आठवलं. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, शेअरचा सट्टा माजला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या प्रेमचंद रायचंदांसारखा बडा व्यापारीही बुडाला. दोन वर्षांनी रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाडात कापसाखालचं रान मात्र वाढतच गेलं. आपण आजही अमेरिकेतल्या वायद्याचा भाव पडला की इथं हळहळतो, ते काही कालपरवाचं नाही!

‘बिटर सीड्स’ही बघा. मिका पेलेड यांचा 2011 चा हा माहितीपट आपल्याच जिल्ह्यात, तेलंग टाकळीत चित्रित झालाय. बीटी बियाणं, कर्ज, आत्महत्या असा त्याचा विषय. तो आपल्या बाजूनं बोलतो म्हणून डोळे झाकून मान डोलवू नका. काय दाखवलं आणि काय गाळलं, हे तुमच्याइतकं कोण ओळखणार?

शाळेत प्रोजेक्टर असेल तर भाग संपल्यावर वेचणीला जाणाऱ्या एखाद्या आजीला बोलतं करा. दिवसाला किती किलो व्हायचा, काटा कोण करायचं, मजुरी कोण ठरवायचं? हेच प्रश्न पोरांना मिसिसिपीच्या मळ्यांबद्दल शोधायला लावा. दोन्ही एकच, असं मात्र कुणाला म्हणू देऊ नका. आजीची मजुरी तुटपुंजी असेल, पण तिची लेकरं लिलावात विकली जात नव्हती. आणि बोलवायचं ते वेचणी आटोपल्यावर. त्याआधी तिला फुरसत नसते.