तारा तोकड्या की हिशेब?

३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ सारा उत्तर भारत अंधारात गेला. वाहिनी तुटलेली नव्हती. तिच्यावरचा अवजड भार संरक्षक रिलेला बिघाड वाटला आणि त्याने ती तोडली! त्या घटनेनंतर वीजजाळ्यावर नजर ठेवणारी साधने वाढली, हे मान्य केले पाहिजे. तथापि वहनक्षमता वाढवायची म्हणजे नवे मनोरे उभारायचे, हे आपले समीकरण ढळलेले नाही.

नवे मनोरे हवेतच. परंतु जमीन, मोबदला, परवानग्या यांत वर्षे जातात. २०२५ साली राजस्थानात सौरवीज वाहिन्यांअभावी वारंवार रोखून धरावी लागली.

तार तापली की सैल पडून जमिनीकडे झुकते. म्हणून तिच्यातून किती वीज न्यावी यास मर्यादा असते. ही मर्यादा भर उन्हाळा आणि मंद वारा गृहीत धरून एकदाच ठरविली जाते व पौषातल्या वाऱ्याच्या रात्रीही तीच पाळली जाते. तारेचे तापमान क्षणोक्षणी मोजले, तर त्याच तारेतून अधिक वीज निर्धास्तपणे नेता येते. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये हवेच्या तापमानानुसार मर्यादा बदलण्याचा आदेशच काढला. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांत अडचण उष्णतेपेक्षा स्थैर्याची असते. तेथे प्रवाहाचे नियमन करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे लागतात. रायपूर-राऊरकेला मार्गावर ती पूर्वीच बसविली गेली. तेव्हा तंत्र आपल्याला परके नाही.

अडते ते हिशेबात. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरपद्धतीत पारेषण कंपनीला परतावा मिळतो तो गुंतविलेल्या भांडवलावर. १ एप्रिल २०२४ नंतरच्या नव्या पारेषण प्रकल्पांना भागभांडवलावर १५ टक्के. वाहिनी ठरल्याप्रमाणे उपलब्ध ठेवली की आकार पूर्ण वसूल होतो, मग तीतून वीज किती का वाहेना. समजा, दोनशे कोटींच्या वाहिनीचे काम दोन कोटींच्या उपकरणांनी भागले, तर कंपनीचा नफा त्याच प्रमाणात घटणार. काटकसरीची शिक्षा कोण ओढवून घेईल? स्पर्धात्मक निविदांमुळे दर उतरले खरे, पण निविदाही निघते ती नव्या बांधकामाची. भुर्दंड मात्र शेवटी वीजग्राहकाच्या बिलात उतरतो.

वाचलेल्या खर्चाचा ठराविक वाटा कंपनीला द्यावा, उरलेला ग्राहकाच्या बिलातून वजा करावा. नव्या वाहिनीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत जुनीतून आणखी किती वीज नेता येईल, याचा आकडा मागावा. त्यासाठी नवा कायदा नको. विद्युत अधिनियम, २००३ ने दराच्या अटी ठरविण्याचा अधिकार आयोगाकडेच दिलेला आहे.