मुळे किती तासांत सुकतात?

घरात लाकडावर बांधलेल्या ऑर्किडचा विषय निघाला की चर्चा हटकून एका आकड्यापाशी येऊन थांबते : खोलीतली आर्द्रता किती? सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर काचेची पेटी घ्या, नाहीतर हा नाद सोडा, असा सल्ला जाणती मंडळीही देतात. मग ह्युमिडिफायर येतो, खडी भरलेले ट्रे येतात, दिवसातून चारदा पानांवर फवारणी होते आणि एवढे करून रोप मलूलच राहते. आमच्या मते इथे मोजायची गोष्टच चुकते आहे. भिजवलेली मुळे किती तासांनी पुन्हा कोरडी होतात, हा लाकडावरच्या ऑर्किडपुरता पहिला प्रश्न आहे आणि आर्द्रता हा त्या उत्तरातला केवळ एक घटक आहे. हे तास ज्याला हवे तसे कमी-जास्त करता येतात, त्याचे हरितगृहावाचून अडत नाही आणि टेरॅरियमवाचूनही नाही.

मुळाची रचनाच हे सांगते. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळाभोवती व्हेलामेन नावाचे मृत, पोकळ पेशींचे आवरण असते. पाणी लागताच ते टीपकागदासारखे क्षणात भरते; भरल्यावर पारदर्शक होते, आतला हिरवा रंग दिसू लागतो. हेच पाणी बाहेर जायला मात्र कित्येक तास लागतात आणि त्या अवधीत मूळ ते सावकाश आत घेते. पूर्ण सुकलेले मूळ पुन्हा रुपेरी-पांढरे दिसते. म्हणजे भिजणे आणि सुकणे हे दोन्ही या मुळाला गृहीत आहे. सतत ओल राहिली की मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. आपल्या सह्याद्रीतली ऑर्किड तर या फेऱ्याची टोके सोसून तगतात. महाबळेश्वरला पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि फेब्रुवारी-मार्च जवळजवळ कोरडे जातात. डेंड्रोबियम बार्बाट्युलम त्या कोरड्या दिवसांत पाने टाकून निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुले काढते. सीतेची वेणी उन्हाळा काढून पावसाच्या तोंडावर फुलते. सदैव सत्तर टक्के आर्द्रतेची अट या वनस्पतींनी घातलेली नाही.

ती अट आली कुठून, हे बघण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात उष्ण प्रदेशांतली ऑर्किड इंग्लंडला जाऊ लागली तेव्हा जॉन लिंडली यांच्यासारख्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना कडक उष्णता, दाट सावली आणि भरपूर ओल द्यावी असे सुचवले. त्या कोंदट काचघरांत झाडे मोठ्या संख्येने मेली. तिथल्याच चॅट्सवर्थच्या बागेत प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी झाडांच्या गरजेप्रमाणे तापमान उतरवले, हवा खेळती ठेवली आणि चित्र बदलले; खासी टेकड्यांतून त्या बागेचे माळी जॉन गिब्सन यांनी नेलेली ऑर्किडही तिथेच वाढली. थंड देशात हिवाळा निभावायला काचघर लागतेच. पण मुंबई-पुण्यातल्या घराची अडचण वेगळी आहे आणि तिला तोच उतारा लावण्यात अर्थ नाही.

आर्द्रतेची टक्केवारी एकटी का फसवते, हे साध्या हिशेबाने कळते. हवा किती जोराने पाणी ओढते ते तापमान आणि आर्द्रता या दोहोंवर ठरते. बाष्पदाबाची तूट या मापाने ते किलोपास्कलमध्ये सांगता येते. ३४ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेला ही तूट सुमारे २.१ येते, तर २० अंश आणि ४० टक्क्यांना सुमारे १.४. हायग्रोमीटरवर ‘कोरडी’ दिसणारी दुसरी खोली पहिलीपेक्षा कमी पाणी ओढते. आता आपल्याकडचीच दोन टोके घेऊ. जुलैतल्या मुंबईत २८ अंश आणि ८८ टक्के धरले तर तूट ०.४५ च्या आसपास भरते. एप्रिलच्या दुपारी पुण्यात ३७ अंश आणि २० टक्के धरले तर ती ५ वर जाते. फरक अकरा पटींचा. त्यात वाऱ्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही. एकाच फळीवर, एकाच वेळापत्रकाने दोन्हीकडे ऑर्किड वाढवायला गेलो तर एकीकडे ते कुजेल, दुसरीकडे वाळेल. फवारणीने हा फरक भरून निघत नाही, कारण उघड्या खोलीत तिने वाढवलेली आर्द्रता काही मिनिटांत विरून जाते. शिवाय फॅलेनॉप्सिस, व्हँडा, कॅटलिया यांची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, तेव्हा तापमान उतरलेले आणि तूट कमी झालेली असते. दुपारचा भयंकर आकडा या पानांना तितकासा बाधत नाही.

तेव्हा उपाय बांधणीत आणि भिजवण्यात शोधायला हवा. सकाळी भिजवलेली मुळे संध्याकाळपर्यंत पांढरी व्हावीत, हे आमचे ढोबळ माप आहे. दुपारी बारालाच ती पांढरी होत असतील तर मुळांखाली स्फॅग्नम मॉसचा थर वाढवा, फळी मोठी घ्या किंवा नारळाच्या सोडणासारखा पाणी धरणारा आधार वापरा. मात्र सोडण आधी दोन-चार पाण्यांत भिजवून क्षार काढून टाका आणि काही वर्षांत ते कुजणार हे धरून चाला. रात्रीही मुळे हिरवीच राहत असतील तर मॉस काढा, खडबडीत सागवानाच्या उघड्या तुकड्यावर या आणि पंखा लावा. कोकणपट्टीत पावसाळ्यापुरता मॉस जवळजवळ वर्ज्यच समजावा. नाशिक-नागपूरकडे उन्हाळ्यात तो जाडच हवा. वरवरच्या शिडकाव्यापेक्षा बादलीत दहा-पंधरा मिनिटे फळी बुडवणे केव्हाही सरस. फॅलेनॉप्सिस पाने खाली झुकतील असे बांधले की शेंड्यात पाणी साचत नाही. लाकूड अन्नद्रव्ये धरून ठेवत नाही, म्हणून खत अगदी पातळ, पण नियमित द्यावे. आणि आरओ यंत्राचे सांडपाणी या झाडांना घालू नये : नळाच्या पाण्यातले क्षार त्यातच एकवटलेले असतात आणि ते उघड्या मुळांवर साचतात.

यावर पहिला आक्षेप रोजच्या कामाचा असतो आणि तो खरा आहे. उन्हाळ्यात रोज, क्वचित दोनदा भिजवणे होणार नसेल, तर सागवानी टोपलीत कोळसा आणि सालीचे मोठे तुकडे घेऊन लावणे शहाणपणाचे. आम्ही लाकडाचा पुरस्कार करतो तो पावसाळ्यासाठी, कारण बारीक माध्यमाने भरलेली कुंडी त्या दिवसांत आठवडाभर ओली राहते आणि मुळे कुजल्याचे वरून कळतही नाही. दुसरा आक्षेप प्रकाशाचा. तो आर्द्रतेपेक्षा गंभीर आहे, तरी त्याची चर्चा कमी होते. फॅलेनॉप्सिसला दहा-पंधरा हजार लक्स लागतात, कॅटलियाला वीस ते तीस हजार. खिडकीपासून सहा-सात फूट आत, भिंतीवर टांगलेल्या फळीला अनेकदा काही शेच मिळतात. अशा भिंतीवरचे ऑर्किड हळूहळू उपाशी मरते आणि दोष मात्र कोरड्या हवेला दिला जातो. पूर्वेची खिडकी, बॉक्स ग्रिल किंवा वाढीचा दिवा, यांपैकी एक हवेच. तिसरा आक्षेप आम्ही पूर्ण मान्य करतो : ड्रॅक्युला, लेपॅन्थिस यांसारख्या धुक्यातल्या डोंगरी जंगलांतल्या जातींना गारवाही हवा आणि सततची दमट हवाही. त्या आपल्या दिवाणखान्यात उघड्यावर जगणार नाहीत. त्यांना पेटीच हवी. पण या अपवादांवरून सगळ्याच ऑर्किडचा नियम ठरवणे चूक आहे.

घरी ऑर्किड मरण्यात रोपवाटिकांचा वाटा मोठा आहे. विक्रीच्या आदल्या आठवड्यात तारेने आवळलेले रोप लाकडावर रुजलेले नसते. नव्या मुळांनी फळी धरेपर्यंत ते ग्राहकाच्या हाती देऊ नये. जंगलातून ओरबाडून आणलेल्या रोपांची तर मुळेच तुटलेली असतात, त्यामुळे त्यांना कितीही भिजवले तरी पाणी आत जायला वाट नसते. अभयारण्यातून रोप काढणे हा गुन्हा आहेच, आणि असा माल घेणारा ग्राहक घरी मरणारे झाड पाहून ऑर्किडचाच नाद सोडतो, हे व्यवसायाचेही नुकसान आहे. आमची सूचना साधी आहे. फळीला अडकवलेल्या चिठ्ठीवर नाव आणि किंमत असते, तिथेच लाकूड कोणते, मॉस किती, रोपवाटिकेत मुळे किती तासांत सुकत होती आणि कोणत्या ऋतूत, एवढे लिहावे. ग्राहकाने घरी पहिल्याच रविवारी सकाळी फळी भिजवून तास मोजावेत आणि तफावत दिसली तर पाणी, मॉस किंवा जागा बदलावी. काचेची पेटी घ्यायची की नाही, हे त्यानंतर ठरवावे. बहुतेकांना ती घ्यावी लागणार नाही.