बिडाचा पूल

मित्रांनो, घरात बिडाचा तवा असेल तर आजी त्याला किती जपते, पाहिलंय ना? बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याच्यावर कितीही वजन ठेवा, ते सहज दबत नाही. पण हातातून निसटून फरशीवर पडलं, की तडकलंच! अशा या बिडाचा एक अख्खा पूल बांधला गेला, तोही सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी. त्याचीच ही गोष्ट.

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातून सेव्हर्न नदी वाहते. तिच्या काठी खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या होत्या. पण पलीकडे जायचं तर होडी हवी, आणि पूर आला की होडीतून जाणं म्हणजे जिवाशी खेळ. बरं, नदीतून मालाच्या बोटींची सारखी ये-जा, म्हणजे मधे खांबही नकोत. थॉमस प्रिचर्ड नावाच्या वास्तुविशारदाने एकाच कमानीच्या लोखंडी पुलाचा आराखडा काढला. १७७७ साली तो वारला. पूल उभारायचं काम पेललं अब्राहम डार्बी या तरुण कारखानदाराने.

पण बीड तर ठिसूळ! मग पूल टिकणार कसा? खरी करामत आहे कमानीची. कमानीवर भार पडला, की तिचे भाग एकमेकांवर दाबले जातात. आणि दाब सोसणं हाच तर बिडाचा मोठा गुण.

आता अडचण जोडणीची. एवढा मोठा लोखंडी पूल त्याआधी कुणी बांधलाच नव्हता. मग कारागिरांनी सुतारकामातले सांधे उचलले. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारं टोक, वरून पाचर ठोकली की झालं! सुमारे १,७०० तुकडे, ३८० टनांच्या आसपास लोखंड आणि ३० मीटर लांबीची कमान. १७७९ साली कमान उभी राहिली आणि १ जानेवारी १७८१ रोजी पूल वाहतुकीला खुला झाला.

पुलावर टोल होता, बरं का! दराच्या पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, की राजघराण्यातल्या माणसांनाही तो चुकणार नाही.

डार्बीला मात्र हा पूल फार महागात पडला. अंदाज होता सुमारे ३,२०० पौंडांचा. वरचा खर्च आपण सोसू, असं त्याने कबूल केलं होतं, आणि खर्च जवळजवळ दुप्पट झाला! डार्बी कर्जात बुडाला. १७८९ साली, चाळिशीही न गाठता तो वारला, तेव्हाही कर्ज फिटलेलं नव्हतं.

त्यानंतर सहा वर्षांनी, १७९५ च्या फेब्रुवारीत सेव्हर्नला प्रचंड पूर आला. नदीवरच्या पुलांची दाणादाण उडाली. जवळचाच बिल्डवासचा दगडी पूल कोसळला. डार्बीचा पूल मात्र जागचा हलला नाही! त्याच्या जाळीदार कमानीतून पाणी वाट काढत निघून गेलं. मग बिल्डवासलाही लोखंडी पूलच बांधला गेला.

१९३४ पासून या पुलावर गाड्या जात नाहीत, पण माणसं आजही चालत जातात. आणि पुलाशेजारी वसलेल्या गावाचं नाव काय, माहीत आहे? आयर्नब्रिज! म्हणजे लोखंडी पूल. ज्याचं कर्ज फिटलं नाही, त्याच्या कामाने एका गावाला नाव दिलं.