पणाला लावलेली साक्ष

जठारपेठेंतील एका वाचनप्रेमी गृहस्थांनीं आम्हांस पृच्छा केली आहे कीं, त्यांचे चिरंजीव 'स्टेकिंग' नामक व्यवहारांत घरची शिल्लक गुंतवूं म्हणतात. तेव्हां हा व्यवहार ठेव समजावा, भिशी समजावी, कीं निव्वळ जुगार? प्रश्न एकाच घराचा नसल्यामुळें उत्तर येथें देणें बरें.

'स्टेक' या शब्दास संस्कृतांत 'पण' हा नेमका प्रतिशब्द आहे. आपण प्राण पणास लावतों तोच हा पण. द्यूतांत मांडावयाचें द्रव्य तें पण, आणि मौज अशी कीं, एका नाण्याचेंही नांव पणच. याज्ञवल्क्यानें दंड सांगितले तेही पणांच्या संख्येनें. या नव्या व्यवहारांतही नाणें, डाव आणि दंड यांची अशीच गांठ पडली आहे.

ब्लॉकचेन म्हणजे एक सामाईक वही होय. तिची प्रत हजारों संगणकांवर असते. मूळ प्रत म्हणून कोणा एकाच्या पेढींत ठेवलेली नसते. मग पुढचें पान लिहावें कोणीं? डोकीं मोजून कौल घ्यावा, तर संगणकाच्या राज्यांत एकच लबाड मनुष्य घटकाभरांत दहा हजार नांवें धारण करील. म्हणून मत देणारास कांहीं तरी किंमत मोजावयास लावणें भाग पडतें. बिटकॉइनच्या वहींत ही किंमत विजेच्या रूपानें मोजली जाते. तेथें यंत्रें रात्रंदिवस आंकडेमोड करीत धडधडत असतात. इथिरियमची वही २०१५ पासून अशीच चालत असे. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं तिनें ती रीत टाकून पणाची रीत धरली, आणि विजेचा खर्च शेंकडा ९९ हूनही अधिक घटला.

या रीतींत जो साक्षीदार होतो त्यास 'व्हॅलिडेटर' म्हणतात. इथिरियमवर त्यानें निदान ३२ ईथर, म्हणजे त्या जाळ्याचीं नाणीं, अडकवून ठेवावीं लागतात. दर १२ सेकंदांस एका साक्षीदाराची चिठ्ठी निघते. तो पुढचें पान मांडतो आणि इतर त्यावर साक्ष घालतात. असे ३२ फेरे झाले म्हणजे ६ मिनिटें २४ सेकंदांचें एक युग पुरें होतें. लागोपाठच्या युगांत एकूण पणाच्या दोन-तृतीयांशाची संमति मिळाली, कीं मागचें पान कायम ठरतें. चोख काम करणारास नवीं नाणीं मिळतात, गैरहजर राहणारास थोडी कपात सोसावी लागते. परंतु एकाच जागेसाठीं दोन परस्परविरुद्ध पानांवर सही करणारा सांपडला, तर त्याच्या पणांतून दंड कापून त्यास पंक्तींतून उठवितात. यांतील एक बारकावा आम्हांस फार आवडला. एकट्यादुकट्याच्या हातून, यंत्राच्या घोटाळ्यानें, असा दोष घडला तर दंड बेताचा असतो. त्याच सुमारास पुष्कळांनीं तोच दोष केला तर प्रत्येकाचा दंड वाढत जातो, आणि एक-तृतीयांश पण त्यांत गुंतला असेल तर सर्वस्व जातें. कटवाल्यांस निराळा हिशेब!

व्यवहाराध्याय ज्यांनीं पाहिला आहे त्यांस येथें प्रतिभू आठवेल. मनुष्यास हजर करण्याचा, त्याच्या विश्वासूपणाचा आणि द्रव्य भरण्याचा असे जामिनाचे तीन प्रकार तेथें सांगितले आहेत. पण ते तिन्ही दुसऱ्यासाठीं राहावयाचे. व्हॅलिडेटर हा स्वतःच्याच साक्षीचा जामीन होय. शिवाय न्यायसभेंत साक्षीदार खोटा ठरविण्यास निराळा पुरावा शोधावा लागे; येथें त्याच्याच दोन सह्या शेजारी ठेवल्या कीं काम झालें.

हें दूरदेशींचें कौतुक म्हणून सोडून देतां येत नाहीं. याच रीतीचें एक जाळें जयंती कनानी, संदीप नैलवाल व अनुराग अर्जुन यांनीं २०१७ सालीं 'मॅटिक' या नांवानें आरंभिलें. २०२१ पासून तें 'पॉलिगॉन' म्हणून ओळखलें जातें. तें आपल्या हिशेबाचा गोषवारा, दोन-तृतीयांशांहून अधिक पणाच्या सह्यांनिशीं, ठराविक काळानें इथिरियमच्या वहींत नोंदवितें. २०२२ सालीं आपल्याच विदर्भांत, गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें, सुमारें ६५,००० जातीचे दाखले 'लेजिटडॉक' या यंत्रणेमार्फत या जाळ्याशीं जोडण्याचें काम प्रशासनानें हातीं घेतलें. वहींत जातो तो दाखल्याचा गणिती ठसा. कागदावरचें एक अक्षर बदललें तरी ठसा जुळत नाहीं.

एटापल्ली हा माडिया गोंडांचा मुलूख. तेथल्या मुलास नागपुरास किंवा पुण्यास प्रवेश घ्यावयाचा, तर त्याचें सारें वर्ष एका कागदावर टांगलेलें असतें. दाखल्याच्या वाटेकडे डोळे लावून मुदत गमावलेले विद्यार्थी आम्हीं मास्तरकींत पाहिले आहेत. त्यांतले कांहीं पुन्हां शाळेच्या वाटेस आले नाहींत. उलट बाजूस, खोट्या दाखल्यावर खऱ्या हक्कदाराची जागा बळकावणारेही थोडे नव्हते. अशी नोकरी किंवा असा प्रवेश टिकणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयास २०१७ सालीं द्यावा लागला.

तथापि या यंत्राची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. साक्षीदारांनीं पण लावला तो पान मागाहून बदललें नाहीं एवढ्यापुरता. पानावर लिहिलेलें खरें आहे याबद्दल नव्हे. मूळ नोंद करणाऱ्या कारकुनाचा किंवा सही ठोकणाऱ्या अधिकाऱ्याचा त्या वहींत एक छदामही अडकलेला नसतो. खोटा दाखला एकदां आंत गेला, तर तोही तितक्याच निष्ठेनें जतन होईल. म्हणून जात पडताळणी समितीचें काम यानें संपत नाहीं. आणखी एक, येथें मताचें वजन पणाच्या आकारावर ठरतें. ज्याची तिजोरी मोठी त्याची साक्ष मोठी, ही व्यवस्था आम्हांस मनापासून रुचत नाहीं.

आतां आमच्या गृहस्थांचा प्रश्न. ३२ ईथर जवळ नसलेला मनुष्य आपलीं थोडीं नाणीं दुसऱ्या व्हॅलिडेटराच्या पणांत घालतो, व तो आपली दलाली कापून उरलेला मोबदला देतो. पॉलिगॉनवरही अशीच सोय आहे. हा मोबदला साक्षीच्या कामाचा असल्यानें यास नुसता जुगार म्हणणें अन्यायाचें होईल. पण यास ठेव म्हणणें त्याहून घातक! मोबदला मिळतो तो त्याच नाण्यांत. डिसेंबर २०२१ मध्यें मॅटिकचें एक नाणें पावणेतीन डॉलरांच्या वर गेलें होतें. सप्टेंबर २०२४ मध्यें त्याची जागा 'पोल' नाण्यानें घेतली, तेव्हां त्यास अर्धा डॉलरही येत नव्हता. समजा, शंभर नाण्यांचीं या मुदतींत एकशेंपंधरा झालीं. तरी पावणेतीनशें डॉलरांचे साठही उरले नाहींत. बँकेंतील ठेवीस पांच लाखांपर्यंत विमा आहे, येथें तसलें कांहीं नाहीं. विक्रींत नफा झाल्यास शेंकडा ३० कर, आणि तोटा झाल्यास तो दुसऱ्या उत्पन्नांतून वजा करूं देत नाहींत. सेवानिवृत्तीची शिल्लक यांत घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. चिरंजीवांस हौसच असेल तर त्यांनीं स्वतःच्या मिळकतींतून, गेले तर गेले म्हणतां येतील एवढेच रुपये घालावे.

पैसा हवा तेव्हां परत निघतो काय, असेंही त्यांनीं विचारलें आहे. इथिरियमवर पण लावण्याची सोय डिसेंबर २०२० मध्यें झाली, तो परत काढण्याचें दार एप्रिल २०२३ मध्यें उघडलें. आजही बाहेर पडणारांस रांग धरावी लागते, आणि गर्दी झाली तर ती रांग आठवडेही चालते. येत्या जूनमध्यें ज्यांच्या घरीं महाविद्यालयाची फी भरावयाची आहे, त्यांनीं आधीं ही रांग विचारांत घ्यावी.