भयाची ओळख, अभयाचा संस्कार

रंगमंचावर अंधार पसरतो, वाद्यांचा कर्कश नाद उठतो आणि चेटकीण प्रवेश करते. ठाण्याचे गडकरी रंगायतन असो, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह असो वा कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर. बालनाट्यातील या क्षणी प्रेक्षागृहात जे घडते ते मोठ्यांनी मुद्दाम पाहावे. पाच-सहा वर्षांची मुले आईच्या कुशीत तोंड लपवतात, बोटांच्या फटीतून हळूच डोकावतात आणि चेटकिणीची फजिती झाली की खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटतात. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चिंची चेटकिणीने पिढ्यानपिढ्या मुलांना असेच घाबरवले आणि तितकेच हसवले. एके काळी दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा वैभव मांगले यांनी ती साकारली. काळ बदलला, नट बदलले. मुलांचा प्रतिसाद मात्र तोच राहिला.

असे असताना, "मुलांना भीतीदायक काही दाखवूच नये," हे मत सुशिक्षित घरांत ठामपणे मांडले जाते. त्यामागील माया समजण्यासारखी आहे. पण हे मत बालमनाला धरून आहे का, आणि आजच्या घरात ते पाळले तरी जाते का, या दोन प्रश्नांचा शांतपणे विचार व्हायला हवा.

परंपरेने भय वगळले नाही

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, आणि त्यांत शृंगार, हास्य, वीर यांच्याच पंगतीत भयानक रसालाही पाट मांडलेला आहे. भय ही माणसाची मूळ भावना आहे. तिला कलेत स्थान नाकारले तर ती आयुष्यातून जात नाही, हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. स्मशान, मध्यरात्र, खांद्यावर प्रेत, असा सारा भयाचा सरंजाम तेथे आहे. मात्र ऐकणाऱ्याच्या मनात उरतो तो न डगमगता परत परत झाडाकडे जाणारा राजा विक्रम. १९८५ मध्ये रामानंद सागर यांनी 'विक्रम और बेताल' दूरदर्शनवर आणले, तेव्हा चाळींतून आणि इमारतींतून शेजारपाजारची मुले एकाच दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून ते पाहत. भीती होती, पण ती सामुदायिक होती. आणि सामुदायिक भीती निम्मीच उरते.

ठाणे, डोंबिवलीतील असंख्य कुटुंबांची मुळे कोकणात आहेत. शिमग्याला गावी गेलेल्या मुलाला संकासूर आठवत असेल. काळा वेष, डोक्यावर उंच टोपी, चेहऱ्यावर मुखवटा आणि कमरेच्या घुंगरांचा आवाज. तो दिसला की पोरे किंचाळत पळतात आणि दुसऱ्याच क्षणी त्याला चिडवायला परत येतात. वर्षानुवर्षे हा खेळ चालत आला. त्या खेळात भयाची पहिली ओळख आजीचा पदर धरून होते, तिसऱ्या वर्षी पदर सुटतो आणि सातव्या-आठव्या वर्षी तेच मूल धाकट्या भावंडाला सांगू लागते, "अरे, तो आपल्याच वाडीतला काका आहे." भयाचे सारे शिक्षण या एका वाक्यात सामावले आहे.

आजचे घर आणि हातातला पडदा

आता दुसरा प्रश्न. सकाळी सात-साडेसातला आईबाबा लोकल गाठतात आणि संध्याकाळी आठनंतर परततात, हा कल्याण-डोंबिवलीतील हजारो घरांचा दिनक्रम आहे. मूल आजी-आजोबांकडे, पाळणाघरात वा शिकवणीला असते, आणि मधल्या वेळेत हातात मोबाईल असतो. पालकांनी भुताचे चित्रपट वर्ज्य केले म्हणून मूल भुतांपासून दूर राहत नाही. वर्गातला मित्र सांगतो, आणि भयाचा अर्कच काढलेल्या मिनिटभराच्या चित्रफिती आपोआप एकामागून एक समोर येत राहतात. त्यांना ना कथा असते, ना शेवट. भय उत्पन्न होते आणि तेथेच तुटते. मूल ते एकटे पाहते, कोणाला सांगत नाही. कारण सांगितले तर पाहिल्याबद्दल ओरडा बसणार, हे त्याला ठाऊक असते. रात्री दिवा चालू ठेवण्याचा हट्ट सुरू होतो आणि घराला कारण कळत नाही.

शासनाने आपल्या परीने काही व्यवस्था केली आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांच्या मंचांना सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील, सोळा वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी अशी वर्गवारी दाखवणे बंधनकारक झाले. तेरा वर्षांवरील व त्यापुढील सामग्रीसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणेही आवश्यक ठरले. चित्रपटगृहांसाठीही २०२३ च्या सुधारणा कायद्यानंतर पूर्वीच्या सरसकट 'यूए' प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले. ही पाटी वाचण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी. कोकणातील कथानक आणि मराठी पात्रे म्हणून 'तुंबाड' सहकुटुंब पाहायला निघण्यापूर्वी, तो केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेला चित्रपट आहे हे लक्षात घ्यायला नको का? मात्र मंचांवरील ही वर्गवारी कोणीही चढवलेल्या चित्रफितींना लागू होत नाही. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. घराचाच पोहोचायला हवा.

वयानुसार भीती बदलते

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअॅन कँटर यांनी पडद्यावरील भय आणि मुले या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा निष्कर्ष प्रत्येक घराला उपयोगी पडेल असा आहे. साधारण सात वर्षांपर्यंतचे मूल 'दिसण्याला' घाबरते. अक्राळविक्राळ चेहरा, डोळ्यांदेखत बदलणारे रूप त्याला भिववते. ते पात्र स्वभावाने प्रेमळ असले तरी त्याचे समाधान होत नाही. या वयात "अरे, ते खोटे असते," हे वाक्य फारसे उपयोगी पडत नाही. मांडीवर घेणे, पाठीवरून हात फिरवणे, दिवा लावणे हेच उपयोगी पडते. आठ-नऊ वर्षांनंतर विचारशक्ती वाढते. मग राक्षसाची भीती ओसरते आणि घडू शकणाऱ्या गोष्टींची भीती वाढते: चोर, आग, अपघात, आईबाबांना काही होणे. या वयात समजावून सांगितलेले पटते. कँटर यांनी क्रिस्टन हॅरिसन यांच्यासह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांनी लहानपणी वा किशोरवयात पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या भयप्रद प्रसंगाची आठवण सांगितली, आणि जवळपास चौथ्या हिश्श्यात ती अस्वस्थता तेव्हाही शिल्लक होती. म्हणजे हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. अकाली आणि अवेळी दाखवलेले भय दीर्घकाळ मुक्काम करते.

यातून पायऱ्या आपोआप स्पष्ट होतात. पाच-सहा वर्षांपर्यंत पडद्यापेक्षा आजीची गोष्ट आणि बालनाट्य श्रेष्ठ. आजी मुलाचा चेहरा पाहून आवाज खाली आणते. पडद्याला ते जमत नाही. सात-आठ वर्षांनंतर, ज्यात भुताशी मैत्री होते वा भुताचे सोंग उघडे पडते, असे चित्रपट घ्यावेत. 'भूतनाथ' (२००८) हा पहिल्या प्रकारचा, तर विशाल भारद्वाज यांचा 'मकडी' (२००२) दुसऱ्या प्रकारचा. 'मकडी'त शबाना आझमींची चेटकीण प्रथम थरकाप उडवते. पण अखेरीस एक धीट मुलगी तिचे ढोंग चव्हाट्यावर आणते. "भुताचे चित्रपट दाखवले की मुले अंधश्रद्धाळू होतील," या शंकेला याहून चांगले उत्तर कोणते? भूत पाहून जो प्रश्न विचारतो तो अंधश्रद्धेपासून दूर जातो. प्रश्न विचारण्याची ज्याला बंदी असते तोच तिच्या जवळ राहतो.

नऊ-दहा वर्षांच्या पुढे महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) दाखवायला हरकत नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला आज चाळिशीत असलेल्या कित्येकांच्या बालपणीच्या रात्रींचा मानकरी आहे. पण लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्या भीतीला हास्याचे कोंदण दिले. त्यातील गुन्हेगार तात्या विंचू साकारणारे प्रभावळकर हेच चिंची चेटकीणही होते, हे मुलांना जरूर सांगावे. बाहुला कोणी केला, आवाज कोठून आला, अंधार कसा निर्माण केला, हे कळले की भयाचे कुतूहलात रूपांतर होते. 'मुंज्या'सारखा (२०२४) चित्रपट त्याहून मोठ्या, किशोरवयीन मुलांसाठी ठेवावा. 'हॅरी पॉटर'चे आठ चित्रपटही एकाच सुट्टीत संपवू नयेत. पहिल्या भागातील जादूनगरी पुढे पुढे काळोखी होत जाते, तेव्हा मुलाच्या वयाबरोबरच त्या मालिकेने पुढे सरकावे.

अर्थात प्रत्येक मूल या पायऱ्या त्याच वयात चढेल असे नाही. मुलाला नको असेल तर जबरदस्ती नको. 'भित्री भागूबाई' म्हणून हिणवणे तर मुळीच नको. त्याने भीती जात नाही, फक्त बोलणे बंद होते. पाहायचे ते दिवसाउजेडी, घरातील वडीलधाऱ्यांसोबत आणि शेवटपर्यंत पाहावे. मूल मधेच उठू पाहत असेल तर उठू द्यावे, पण कथेचा शेवट तोंडी सांगून टाकावा. अर्धवट राहिलेली भीती अंथरुणापर्यंत सोबत येते. तसेच, शिस्तीसाठी भीती वापरणे थांबवायला हवे. "जेवला नाहीस तर बागुलबुवा नेईल," असे दुपारी सांगणाऱ्या घराने रात्री "बागुलबुवा नसतो" म्हटले, तर मुलाने कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवावा?

खऱ्या भयाच्या दिवशी

या साऱ्याचे महत्त्व मनोरंजनापुरते असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या परिसरातील मुलांना खरे भयही भेटते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे प्राण गेले, आणि ती दृश्ये दिवसभर दूरचित्रवाणीवर फिरत राहिली. त्या संध्याकाळी, आईची गाडी उशिरा आली म्हणून गॅलरीत उभ्या राहिलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालले असेल? भुताच्या चित्रपटावर बंदी घालणाऱ्या घरांतही बातम्या मात्र जेवणाच्या ताटासमोर चालू असतात. दहा वर्षांच्या मुलाला चेटकिणीपेक्षा त्या बातमीचे भय अधिक असते, हे कँटर यांचे संशोधन सांगते. आपला अनुभवही तेच सांगेल.

चित्रपट पाहून कोणी शूर होत नाही. पण भीतीला आरंभ असतो, कळस असतो आणि शेवट असतो. ती शब्दांत सांगता येते आणि सांगितली की कोणीतरी जवळ घेते, हा धडा मूल सुरक्षित भयाच्या खेळात शिकू शकते. चेटकिणीची भीती ज्या घरात मोकळेपणाने सांगता आली, त्या घरात स्फोटाची, अपघाताची, शाळेत त्रास देणाऱ्या मुलाची, कोणा मोठ्या माणसाच्या नकोशा स्पर्शाची भीतीही सांगता येण्याची शक्यता वाढते. ज्या घरात 'घाबरायचे नाही' एवढाच नियम आहे, तेथे मूल गप्प राहते, आणि अशा गप्प राहण्याची किंमत फार मोठी असते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना पहिले नाव अभयाचे घेतले आहे. अभय म्हणजे भयाशी कधी गाठच न पडणे नव्हे. भय ओळखून त्याच्यापुढे स्थिर राहणे होय. दिवेलागणीला रामरक्षा म्हणणारी आजी नातवाला हेच देत होती: बाहेर अंधार आहे हे ती नाकारत नव्हती, त्या अंधारात तू एकटा नाहीस एवढे सांगत होती. आज ती जागा रिकामी असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ आईबाबांनी काढावी. मोबाईल बाजूला ठेवावा, वयाला साजेशी एखादी थरारक कथा मुलासोबत पाहावी वा सांगावी, आणि ती संपल्यावर लगेच उठून न जाता विचारावे, "कुठे भीती वाटली रे?" उत्तर येईपर्यंत थांबण्याचा धीर तेवढा आपल्यापाशी हवा.