नुसते टायर बदलून भागत नाही!

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी, कारण ती घडली पंक्चरच्या दुकानात.

माझ्या काकांकडे पोकलेन नेणारा जुना लो-बेड ट्रेलर आहे. मागे दोन ॲक्सल, आठ टायर. सगळे १०.००-२० साइजचे नायलॉन, ट्यूब आणि फ्लॅपवाले. गेल्या दिवाळीत त्यातल्या एकात हवा भरताना लॉक रिंग उडाली. दुकानातल्या पोराचं मनगट मोडलं. वय माझ्याएवढंच.

या चाकाचा रिम एकसंध नसतो. टायर चढवून बाजूला रिंग बसवतात. १०० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो, सगळा मिळून कित्येक टनांचा जोर. रिंग गंजलेली असली किंवा नीट बसली नाही, तर ती गोळीसारखी सुटते. अमेरिकेत १९८० पासून अशा चाकांत पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायचा नियम आहे. त्या दुकानात साधी साखळीसुद्धा गुंडाळली नव्हती.

काका म्हणाले, "ट्यूबलेस टाकू, विषय संपला." मलाही पटलं. ११आर२२.५ टायरचा बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच, रिम एकसंध, रिंगची भानगडच नाही.

पण हब पाहिला आणि लक्षात आलं, विषय तिथेच सुरू होतो! जुन्या हबवर डिस्क नटांच्या तिरप्या तोंडावर सेंटर होते. नवी डिस्क हबच्या कडेवर बसते आणि तिला सपाट वॉशरचे नट लागतात. भोकं जुळली की मेकॅनिक म्हणतो, "बसतंय की!" बसतं हो, पण टिकत नाही. नट ढिले होतात, स्टड तुटतात आणि चाक निघून जातं. समोरून बाइकवर कोण येत असेल, याचा विचार कोणी करायचा?

आणखी एक. २०१८ मध्ये दोन ॲक्सलच्या जोडीवरची मर्यादा १९ टनांवरून २१ टन झाली. कागदावर टन वाढले, म्हणून जुन्या हबच्या बेअरिंगची ताकद वाढत नाही!

काकांचा प्रश्नही खरा आहे, "अगं, एवढा खर्च एकदम कुठून करू?" माझं मत असं: करायचं तर हब, स्टड, डिस्क, टायर एकत्र करा. पैसे नसतील तर एका वेळी एक ॲक्सल पूर्ण करा, पण एकाच ॲक्सलवर नायलॉन आणि रेडियल मिसळू नका. तेही जमत नसेल, तर गंजलेल्या रिंगा फेकून द्या, बेअरिंग तपासून ग्रीस भरा, आणि चाक काढलं की पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळा. पिंजरा तर हवाच.

नट आवळायचे म्हणजे पाइप लावून त्यावर उभं राहायचं, असं नव्हे. आमच्या लॅबमध्ये टॉर्क रेंच काचेच्या कपाटात आहे. व्हायवाला आपण त्याची व्याख्या घडाघडा सांगतो. हॉस्टेलमधल्या कितीजणांच्या घरी ट्रक, ट्रॉली, ट्रेलर आहेत! येत्या सुट्टीत एकदा तरी खाली वाकून हब बघा. त्या पोराला व्याख्या माहीत नव्हती. आपल्याला माहीत आहे, मग गप्प का बसायचं?

— टी.ई. (मेकॅनिकल)