थोराड कुत्र्याला घर देण्यापूर्वी

ज्या कुटुंबात कुत्रा पाळण्याचा विचार चालू आहे, त्या कुटुंबाने पिल्लांच्या विक्रेत्याला बयाणा देण्यापूर्वी एखाद्या प्राणिमित्र संस्थेच्या निवाऱ्यात जाऊन तेथे पडून असलेला, वयात आलेला, थोराड बांध्याचा एखादा कुत्रा पाहावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. आणि तेथे गेल्यावर अंतःकरणात जी करुणा दाटून येईल तिच्या भरात त्याच दिवशी त्याला घरी आणू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगतो.

जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, रॉटवायलर, ग्रेट डेन, इतकेच नव्हे तर आपल्या उष्ण प्रदेशात ज्यांना आणणे हाच मुळात अन्याय आहे असे सेंट बर्नार्ड आणि हस्कीसुद्धा आपल्या शहरांच्या वेशीवर बेवारस सापडतात. पिल्लू मांडीवर मावते तोवर घरभर त्याचे कौतुक चालते. पण वर्ष-दीड वर्षात जर्मन शेफर्डचे वजन तीस-पस्तीस किलोंवर आणि ग्रेट डेनचे पन्नासच्याही पुढे जाते, पट्टा धरणारा त्याच्यामागे फरफटू लागतो, घरमालक कुरकुर करतो, बदलीचा हुकूम येतो किंवा घरात पाळणा हलतो, आणि मग एके रात्री हमरस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यापाशी त्याला उतरवून गाडी निघून जाते. ज्यांच्याकडून वेतामागून वेत घेतले गेले आणि पैदाशीला निरुपयोगी होताच ज्यांना हाकलून दिले गेले, त्या माद्यांची दशा तर याहूनही करुण असते.

कायद्याने हे कृत्य अपराध ठरवले आहे खरे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली संमत झाला आणि भुकेने किंवा तहानेने तडफडेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे त्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच असल्यामुळे त्या तरतुदीची जरब कोणाला बसावी? पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे २०१७ च्या नियमांत नमूद आहे. त्यांची अंमलबजावणी किती ढिली आहे, हे पिल्लांच्या खुल्या बाजारावरून कोणालाही कळावे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने रॉटवायलरसह २३ जातींच्या आयात, पैदास व विक्रीवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. जातींची यादी करून प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. ज्याने जनावर घेतले त्याच्यावर त्या जनावराच्या अखेरच्या श्वासापर्यंत जबाबदारी कायम करणारा, आणि दंडाची रक्कम आजच्या काळाला शोभेल अशी ठरवणारा कायदा हवा.

निवाऱ्यातल्या अशा कुत्र्याकडे जवळून पाहिले की त्याच्या पूर्वायुष्याचा दस्तऐवज त्याच्या शरीरावरच वाचता येतो. कोपरांवर केस झडून काळे, राठ घट्टे पडलेले असतात, कारण एवढ्या वजनाचा देह वर्षानुवर्षे उघड्या सिमेंटवर टेकला आहे. मानेभोवती साखळीचे वळ असतात. आणि फिरायला कधी नेलेच नसल्यामुळे वाढून वळलेली नखे फरशीवर टकटक वाजतात. जिना चढणे त्याला ठाऊक नसते, लिफ्टचे दार सरकले की तो मागे हटतो, आणि केरसुणी नुसती उचलली तरी अंग चोरून जमिनीशी चिकटतो. हा भित्रेपणा पाहून त्याला कुशीत घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अनोळखी माणसाची मिठी ही त्याला त्या वेळी धास्तीच वाटते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून निर्णय एकट्याच्या हौसेने न घेता घरातल्या सर्वांच्या मसलतीने घ्यावा. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना प्रेमाने दिलेली एक धडकही महागात पडेल. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना त्याची भीती वाटत असेल तर त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. आणि लहान मूल व कुत्रा यांना, तो कितीही शांत असो, मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नये, जेवताना किंवा झोपेत असताना तर त्याला हात लावूच देऊ नये. गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यास सरसकट मनाई करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी शेजाऱ्यांना आधी कल्पना देणे आणि महापालिकेचा परवाना काढणे यात कसूर करू नये.

खर्चाचा अंदाज तर कागदावर मांडूनच घ्यावा. थोराड कुत्र्याचे खाणे मोठे, औषधाची मात्रा वजनावर ठरते म्हणून औषधही मोठे. खुब्याच्या सांध्याचे दुखणे या जातींत वारंवार आढळते आणि गुळगुळीत फरश्यांवर पाय घसरून ते वाढते, तेव्हा सतरंज्या, गोणपाट, जाड गोधडी यांची तजवीज त्याच्या आगमनापूर्वीच करावी. पावसाळ्यात गोचीडतापाची दहशत असते. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याचे संकट ओढवते: पोट टम्म फुगते, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर प्राण जातो, म्हणून अन्न दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावे, जेवणानंतर लगेच पळवू नये, आणि रात्री-अपरात्री उघडा असणारा दवाखाना कोठे आहे हे आधीच शोधून ठेवावे. आपल्या ताटातला कांदा-लसणाचा रस्सा त्याला विषासमान आहे, द्राक्षे आणि बेदाणेही.

एवढे सगळे निभावणाऱ्या घराला जे मिळते ते पिल्लू घेणाऱ्याला सहसा मिळत नाही. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा घडेल हे कोणीच सांगू शकत नाही. वयात आलेल्या कुत्र्याचा स्वभाव मात्र निवाऱ्यातल्या सेवकांनी रोज पाहिलेला असतो, तो मुलांत रमतो की नाही, मांजर दिसताच काय करतो, हे ते नेमके सांगतात. सुरुवातीचे काही दिवस तो टेबलाखालून हलणारही नाही, आणि पूर्णपणे रुळायला काही महिने लागतील. संस्थेचे लोक घर पाहायला येतात, नाना प्रश्न विचारतात, लेखी करारनामा घेतात, याचा राग मानू नये. एकदा टाकलेल्या जनावराला दुसऱ्यांदा टाकले जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते.

तेव्हा वाचकहो, सुटीच्या दिवशी सहकुटुंब आपल्या जवळच्या निवाऱ्यात जा, एकाच कुत्र्याला निरनिराळ्या वेळी भेटा, त्याला पट्टा लावून थोडे फिरवून आणा, आणि घरातल्या एकाचाही मनापासून होकार नसेल तर स्पष्ट नकार द्या. नकार देऊन परत निघताना घरातल्या जुन्या गोधड्या मात्र तेथे ठेवून या. त्यांची तेथे नेहमीच गरज असते.